न आलेला निबंध
न्यूफाउंडलंडच्या लहानलहान बेटांवरच्या लोकांना एफी पडिस्टर बाईंनी अडतीस वर्षं टपालाने विद्यापीठाचे धडे शिकवले. एकाही विद्यार्थ्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आज विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली, टाळ्या झाल्या, कुलगुरूंनी वाकून हात हातात घेतला. आणि चहाच्या वेळी जो तो आपापल्या माणसांत रमला. बाई पदवीचा झगा सावरत, कप धरून खिडकीशी एकट्याच उभ्या राहिल्या. घरी जाऊन हे सांगावं असंही कुणी नव्हतं. इतक्यात एक धिप्पाड म्हातारा टोपी काढून समोर आला. “तुम्हीच का पडिस्टर बाई? मला वाटायचं, सहा फुटी असाल. लाल शाईचा दराराच तसा होता!” बाई हसल्या, पण चेहऱ्यावरून काय ओळखणार? त्यांनी पेन पुढे केलं. “नाव सांगू नका, लिहा.” त्याने कागदी रुमालावर नाव लिहिलं. हलत्या होडीत बसून लिहावं तसं ते डावीकडे कललेलं अक्षर बघताच बाईंनी कप खिडकीत ठेवून दिला. “अँब्रोज कीपिंग! तुमचा शेवटचा निबंध आलाच नाही.” “त्या हिवाळ्यात बायको गेली, बाई. मग पुस्तकं उघडलीच नाहीत, पदवी राहून गेली. पेपरात तुमचं नाव वाचलं, म्हटलं, जाऊन यावं. तुम्हाला कुठला मी आठवायला!” तो ओशाळून म्हणाला. बाई रुमालाची घडी घालत होत्या. “निवृत्त होईपर्यंत,” त्या म्हणाल्या, “टपाल आलं की आधी तुमचं पाकीट शोधायचे मी.”