कणकण

सतराव्या वर्षी आई झालेल्या त्या पोरीचे टाके चिघळले होते. तीन दिवस अंग तापानं फणफणत होतं.

"कणकण असायचीच," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही काय बाळंतपणं केली नाहीत?"

नवऱ्यानं "आईला विचार" म्हणून हात झटकले. फोनवर तिची आईही एवढंच म्हणाली, "सोस गं जरा, बायकांचं असंच असतं."

चौथ्या दिवशी सकाळी ती किंचाळली, "बाळाचं अंग भाजतंय!"

पाच मिनिटांत दारात गाडी उभी राहिली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी बाळाला उलटंसुलटं करून तपासलं. "बाळ ठणठणीत आहे. ताप कुठाय याला?"

तिनं सगळ्यांदेखत डॉक्टरबाईंचा हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवला. "माझं नाव घेतलं असतं, तर इथवर कुणी आणलं नसतं."