खालची खाच

रंगाऱ्याने दाराच्या चौकटीला खरवडायची पत्ती लावली आणि मुलाने त्याचं मनगट धरलं.

"बाबा, अजून वेळ गेलेली नाही. गप्प बसा. संध्याकाळच्या गाडीने ती निघून जाईल."

ती म्हणजे चार दारं पलीकडे उभी असलेली म्हातारी. वय शहाऐंशी, एका हातात काठी, दुसरा हात मास्तरीणबाईंच्या दंडाला. मास्तरीणबाईंच्या पिशवीत एक पितळी पाटी होती. ब्याऐंशी वर्षांपूर्वी, महायुद्धात, युरोपातल्या या गावातल्या ज्यू कुटुंबांना सैनिकांनी एका सकाळी उचलून नेलं, त्यातलं कोणी गावात परत दिसलं नाही. ही म्हातारी त्यांच्यातलीच, कशीबशी वाचलेली, आणि आज पहिल्यांदाच आलेली. आता उशिरा का होईना, गावाला जाग आली होती. ज्याच्या त्याच्या घरासमोर, फुटपाथच्या दगडात, नावाची पाटी बसवायची असं ठरलं होतं. पण कोणतं घर कोणाचं, हेच कोणी सांगेना. नगरपालिकेचे कागद जळालेले, आणि गावातली जुनी माणसं हा विषय निघाला की नेमकी बहिरी व्हायची.

रंगाऱ्याला मात्र सगळं ठाऊक होतं. ज्यू घराच्या चौकटीला, आत शिरताना उजव्या हाताला, एक तिरकी खाच असायची. तिच्यात बोटाएवढी डबी, डबीत प्रार्थनेची गुंडाळी. येता-जाता डबीला बोटं लावायची आणि ओठांना टेकवायची, अशी त्यांची रीत. माणसं गेली, डब्या गेल्या, खाचा उरल्या. नव्या मालकांना त्या डोळ्यांत खुपायच्या. सोळाव्या वर्षी हातात ब्रश आला तेव्हापासून रंगारी त्या बुजवत आला होता. पुट्टी भरायची, पॉलिशपेपर मारायचा, वर रंगाचे दोन हात. काम इतकं साफ की खाच कुठे होती ते मालकालाही सापडू नये. लोक वाहवा करायचे आणि त्याला ते आवडायचंसुद्धा. गेल्या महिन्यात तो आपणहून मास्तरीणबाईंकडे गेला आणि सोळा घरं बोट ठेवून दाखवली. "या खाचा मीच बुजवल्यात," म्हणाला. मान खाली घालून का होईना, म्हणाला.

सतरावं घर सांगताना मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटली.

म्हातारीला वडिलांचं नाव आठवत होतं, घराचं काहीच नाही. एवढंच की दारावर दोन डब्या होत्या. एक वर, मोठ्यांची. एक खाली, तिचा हात पुरावा म्हणून वडिलांनी मुद्दाम बसवलेली. त्या सोळा घरांना एकेकच खाच होती, म्हणून मास्तरीणबाई तिला घेऊन गल्लीतली उरलेली दारं धुंडाळत होत्या. दोन खाचांची चौकट अख्ख्या गावात एकच होती. रिकामी घरं वाटली गेली तेव्हा ती रंगाऱ्याच्या बापाला मिळाली. रंगारी त्याच घरात जन्मला, त्याची मुलंही तिथेच वाढली.

"तिनं घर मागितलं तर?" मुलगा म्हणाला. "आपण काय रंगाच्या डब्यात राहायचं?"

"हळू बोला," सून आतून कुजबुजली. "भिंतीपलीकडे ऐकू जातंय."

एव्हाना शेजारच्या दारापाशी पोचलेली म्हातारी वाकली. कमरेच्या उंचीवर चौकटीवरून बोटं फिरवली, वरून खाली, पुन्हा खालून वर. "इथेपण नाही," ती म्हणाली. चौथ्या वर्षी गाव सुटलं होतं, त्यामुळे गावची भाषा तिच्या तोंडी चार वर्षांच्या मुलीचीच राहिली होती. "माझं घर हरवलं."

रंगाऱ्याने मनगट सोडवून घेतलं, गुडघे टेकले आणि पत्ती घातली. पुट्टी निघता निघेना. काम चोख केलं होतं ना, आता भोगा. दोनदा पत्ती सटकली, अंगठ्याला लागली. मुलगा आधी कपाळाला हात लावून उभा राहिला, मग हताश होऊन पायरीवर बसला. शेवटी एक अख्खं ढेकूळ सुटून खाली पडलं. आत जुनं लाकूड होतं, तिरकं, बोटभर.

"ताई," रंगाऱ्याने हाक मारली. "इकडे या. हे तुमचं घर. सांगायला भ्यालो मी."

म्हातारी आली. खाचेकडे बघत राहिली. हात मात्र लावला नाही.

"आत येऊ?" तिने विचारलं.

मुलगा उठून दारात आडवा उभा राहिला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"घाबरू नको," ती त्याला म्हणाली. "मला घर नको. मला फक्त इथून बाहेर जायचंय."

कोणाला काही उमगलं नाही. मुलगा बाजूला झाला. ती उंबरा ओलांडून आत गेली, घराच्या मधोमध क्षणभर थांबली आणि वळली. सुनेने पुढे केलेली खुर्ची तिला दिसलीसुद्धा नाही. दारात येऊन ती वाकली. रिकाम्या खाचेत दोन बोटं टेकवली, ती ओठांना लावली आणि मगच फुटपाथवर पाऊल ठेवलं.

मास्तरीणबाईंनी तिचा दंड धरला.

"त्या दिवशी आईने ओढत नेलं," ती म्हणाली. "हात लावायचा राहून गेला. मी लावला नाही, म्हणून कोणी परत आलं नाही."

ब्याऐंशी वर्षं ती हे मनात धरून जगली होती. मुलाने मान फिरवली.

रंगारी अजून चौकटीपाशी गुडघ्यांवरच होता. तिथूनच त्याने वर पाहिलं.

"तुम्ही आलात की, ताई."