चार बोटांचं दार

"बाबा, हे मशीन नव्या गाळ्याच्या दारातून जाणार कसं?" ते आत जाणारच नाही अशी मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी विचारलं. बाबा हसले. मग त्यांनी टेप लावला आणि मटकन खाली बसले. दार चार बोटं अरुंद होतं.

आमचं हे छपाईचं मशीन आजोबांनी आधी बसवलं आणि मग भोवती जुना गाळा बांधला. आज तो पाडला, तेव्हाच ते पहिल्यांदा बाहेर आलं.

"काका, उतरवू की परत नेऊ?" टेम्पोवाला म्हणाला. परत न्यायला जागाच उरली नव्हती. नव्या भिंती बाबांनी स्वतः खपून बांधल्या होत्या. त्यांनी ओल्या प्लॅस्टरवरून हात फिरवला, पण पहार उचलवेना.

मी नव्या दारावरचं तोरण काढून आईकडे दिलं आणि पहार घेतली. "दोघंही बाजूला व्हा. भिंत मी पाडतेय. मशीन आत गेलं की आजोबांसारखी परत बांधू."