मास्तरांचा ब्राउझर

“अजून नाहीच ना उघडली?” मास्तरांनी विचारलं. “एवढ्या वेळात माझा नवशिका माणूस गाडी रिव्हर्समध्ये लावून घरी पोचतो.”

वेबसाइट बांधणारी ती मुलगी खुर्ची पुढे ओढून बसली. ड्रायव्हिंग स्कूलची ही साइट तिच्या हातची होती, आणि आपल्या हातची साइट रखडत नाही याची तिला खात्री होती. मास्तरांची खात्री त्याहून पक्की. साइट रखडते, म्हणून लोक कंटाळून दुसरीकडे जातात, म्हणून नोंदणी आटली. खिडकीबाहेर शिकवायच्या दोन्ही गाड्या धूळ खात उभ्या होत्या. आज दोष सापडला नाही तर काम दुसऱ्या कुणाला देईन, असं त्यांनी तिला फोनवरच सुनावलं होतं.

कॉम्प्युटर एकच, पण ब्राउझर दोन. एक मास्तरांचा, दुसरा नोंदणी सांभाळणाऱ्या त्यांच्या लेकीचा. लेकीच्या ब्राउझरमध्ये साइट फटकन उघडली. मास्तरांच्या ब्राउझरमध्ये ते छोटं चाक गरगरत राहिलं आणि एकदाचं पान आलं, तेही अगडबंब अक्षरांत. चुकून कुठलं तरी बटण दाबलं गेलं असेल, असं त्या मुलीला वाटलं. तिने साठलेला जुना कचरा पुसून टाकला. ढिम्म फरक नाही. मग त्याच ब्राउझरची कोरी, खासगी खिडकी उघडली. तिथे साइट क्षणात हजर!

“साइट धुतल्या तांदळासारखी आहे, मास्तर. चोर तुमच्या ब्राउझरात लपलाय.”

“मग काढ की त्याला कानाला धरून.”

शोधायला वेळ लागला नाही. ब्राउझरला एक एक्स्टेंशन जोडलेलं होतं. पानावरचं अक्षर न् अक्षर मोठं आणि ठळक करून दाखवणारं. पान आलं की ते सगळा मजकूर नव्याने मांडत बसायचं. उशीर होत होता तो त्याच्यामुळे. तिने ते बंद केलं. पान चटकन उघडलं. साधी, नेटकी अक्षरं, वर मास्तरांचा मिशीवाला फोटो. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत तिने पडदा त्यांच्याकडे वळवला.

मास्तर पुढे वाकले. मान थोडी तिरकी केली. मग तशाच तिरक्या मानेने थांबले.

“उघडली का गं?”

पान त्यांच्या नाकासमोर होतं.

माऊसवरचा तिचा हात तिथेच राहिला. मग तिने ते एक्स्टेंशन गुपचूप पुन्हा सुरू केलं.

“हे कुणी घालून दिलं तुम्हाला?”

“भाच्याने. कुणापाशी बोलू नकोस. चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही नाही.”

“चष्म्याने सुधारण्यातलं आहे का, मास्तर?”

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. “डॉक्टर नाही म्हणतात. पण त्यांना काय कळतंय? हा रस्ता मला डोळे मिटूनही पाठ आहे.”

“आणि उद्या कुणी शिकायला आलं तर?”

“तर घेईन गाडीत. जन्मभर दुसरं काय केलंय?”

साइटचं काम आपल्याकडे राहतं की जातं, हे ती आता विसरली होती. मास्तर शिकणाऱ्याला ‘ब्रेक दाब’ असं जसं बजावत असतील, तशा आवाजात ती म्हणाली, “ताईला तुम्ही सांगा. आत्ताच्या आत्ता. नाहीतर मी सांगते.”

मास्तर तडकले. पण ही पोरगी मागे हटणारी नाही, हे बघायला डोळ्यांची गरज नव्हती. त्यांनी बाहेरच्या खोलीत बसलेल्या लेकीला हाक मारली आणि ती येईपर्यंत टेबलाची कड धरून उभे राहिले.

“मला आता गाडी शिकवता येणार नाही,” ते म्हणाले. “दिसत नाही गं मला.”

लेकीने दार लोटून घेतलं. जवळ येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. ती दचकली नव्हती. खूप दिवस उचललेलं ओझं खाली ठेवावं, तसा तिने श्वास सोडला.

“माहीत आहे, बाबा.”

“माहीत होतं? मग बोलली का नाहीस?”

“गाडी सोडा म्हणून तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते? लोक रोज नोंदणी करत होते, बाबा. मीच एकेकाला फोन करून थांबवत होते.”