शांतता समितीचा फोटो

गळाभेट घेताना मान कशी ठेवायची, हे सूर्यभानला पाठ होतं. हनुवटी वलीच्या खांद्यावर टेकवायची आणि तोंड कॅमेऱ्याकडे वळवायचं. पहिल्या वर्षी घाईत चुकला होता, तेव्हा पेपरात नुसतं त्याचं टक्कल आलं होतं. त्यानंतर त्याने कधी हयगय केली नाही.

आजही तो कडक इस्त्रीचा सदरा घालून पोलीस ठाण्याच्या मांडवात पहिल्या रांगेत बसला होता. शेजारी वली, बियाण्यांच्या दुकानातून थेट आलेला, पण अत्तर लावायला न विसरलेला. गणपती आणि ईद यंदाही लागून आले होते, म्हणून शांतता समितीची बैठक होती. बोरगव्हाणात या बैठकीत एकोप्यावर भाषणं व्हायची, चहा व्हायचा आणि शेवटी सूर्यभान-वलीच्या गळाभेटीचा फोटो निघायचा. सूर्यभानच्या घरी या फोटोंनी एक भिंत भरली होती. पाहुणा आला की आधी भिंत, मग चहा. समितीतली ही खुर्ची गेली असती तर तो चार दिवस जेवला नसता.

अकोल्याच्या एका चॅनलचा पियुष कॅमेरा घेऊन आला होता. बातमी त्याने येता येता बसमध्येच लिहून टाकली होती : बोरगव्हाणात तणावपूर्ण शांतता. आता फक्त तणाव सापडायचा बाकी होता.

"काका, वातावरण कसं आहे?" त्याने सूर्यभानपुढे माईक धरला.

"एकदम फस्टकिलास."

"पण आतून काही खदखद?"

"खदखद त्या चहाच्या गंजात हाये, बावा. तिकडे जाय." मग वलीकडे वळून सूर्यभान म्हणाला, "हे चॅनलवाले काईबी खोटंनाटं दाखवतात." पियुषचं तोंड उतरलं.

एवढ्यात नव्या ठाणेदार माधवी मॅडम उठल्या. भाषण केलं नाही. म्हणाल्या, "ठाण्यात वर्षभरात आलेल्या भांडणांच्या तक्रारी मी तपासल्या. दोन धर्मांच्या माणसांमधली एकही नाही."

टाळ्या पडल्या. सूर्यभानने सगळ्यांत जोरात वाजवल्या, जणू हे पीक त्याच्याच वावरातलं.

"दहातल्या आठ तक्रारी भावाने भावावर केलेल्या आहेत."

टाळ्या थांबल्या. "आणि उरलेल्या दोन?" पियुषने आशेने विचारलं.

"व्याह्याने व्याह्यावर."

मांडवात हसू फुटलं. पियुष हट्टाला पेटला. "मॅडम, मागच्या विसर्जनाला तर इथे राडा झाला होता. मी ऐकलंय."

"झाला होता ना. वरच्या मंडळात आणि खालच्या मंडळात. दोन्ही मंडळांचे अध्यक्ष सख्खे भाऊ. सोडवायला वलीभाईंच्या मोहल्ल्यातली पोरं धावली, म्हणून डोकी शाबूत राहिली."

सूर्यभानने खाली पाहिलं. वरच्या मंडळाचा अध्यक्ष तोच होता. खालच्या मंडळाचा अध्यक्ष, त्याचा धाकटा भाऊ भगवंत, मांडवात अगदी शेवटच्या खुर्चीवर बसला होता. दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाभूळ होती. ती कोणाची, यावरून बोलणं तुटलं, मग गावचा एक गणपती होता त्याचे दोन झाले. बाभूळ कधीच वाळून गेली होती. निरोप तेवढे चालू होते, तेही वलीच्या तोंडून.

"पोलीस बंदोबस्त जिथे भांडण, तिथे लावतात," मॅडम म्हणाल्या. "मग गळाभेटही तिथेच हवी. सूर्यभानजी, यंदा फोटो तुमचा आणि भगवंतरावांचा. जमत नसेल तर समितीत आपण दुसऱ्या कोणाला घेऊ."

सूर्यभानला घाम फुटला. त्याने वलीचा हात धरला. "वली, तूच ये ना रे. दरसालची पद्धत हाये आपली."

वलीने हात सोडवून घेतला. "अरे यार, इतके साल माह्या गळ्यात पडून तू सरावच करून राहिला होता. आता असल काम आलं तं पयतं काहून?"

मांडव पुन्हा हसला. भगवंत मात्र उठला होता. रांगा ओलांडत तो पुढे आला, भावासमोर उभा राहिला आणि जमिनीकडे पाहत राहिला. सूर्यभानही उठला, पण ताठ उभा राहिला. भिंतीवर यंदाची जागा त्याने आधीच मोकळी करून ठेवली होती, ती त्याला आठवली. त्याने हात पसरले.

पण या दोघांना सवय कुठे होती? दोघांनी एकाच बाजूला मान घातली आणि कपाळावर कपाळ आपटलं. दुसऱ्यांदा जमलं. भगवंतचा खांदा हनुवटीला टोचला. केवढा वाळला होता हा पोट्टा!

"दादा," भगवंत कानाशी पुटपुटला, "धुरा मातर माहाच हाये."

"गप राय. फोटू निंघू दे पयले."

"तुमी दाबून धरलं हाये मले."

"धरीन. लहान हायेस तू."

फोटो निघाला. मॅडमनी "झालं, झालं" म्हटलं. चहा आला. पियुषने कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला. गळाभेट मात्र सुटली नव्हती. कपाळावर टेंगूळ आलेले दोघे भाऊ एकमेकांना धरून अजून धुऱ्यावरच बोलत होते.

संध्याकाळी चॅनलवर दोघांचा फोटो आला. खाली लाल पट्टी सरकत होती : बोरगव्हाणात तणावपूर्ण शांतता. सूर्यभानने टेंगळावरून हात फिरवला आणि बायकोला हाक मारली.

"रुख्मिणी, लवकर ये वं! पहिल्यांदा खरं दाखवून राहिले हे लोक."