शेजारच्या खोलीतला तास

"आजची चौथी बैठक. तुम्ही स्वेच्छेनं आला आहात ना?" संशोधिकेनं कागदावरून वाचलं. दर वेळी विचारायचंच, असा नियम होता.

"हो तर," लाँड्रीत इस्त्री करणारी बाई म्हणाली आणि तिनं बोट पुढे केलं. संशोधिकेनं त्याला ठोके मोजणारा चिमटा लावला.

नवरा डोळ्यांदेखत मालाच्या लिफ्टखाली कसा सापडला, ते बाई पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. दुःख परत परत सांगितलं की हलकं होतं का, हे इथल्या शहाण्या लोकांना तपासायचं होतं. बाईला काहीच तपासायचं नव्हतं. त्या दिवसापासून तिच्या सहा वर्षांच्या लेकीची वाचा बसली होती. आईच्या एका बैठकीमागे लेकीला शेजारच्या खोलीत वाचातज्ज्ञाचा एक तास फुकट मिळायचा. बाहेर तो परवडणं शक्यच नव्हतं.

लिफ्टची साखळी तुटली, इथवर येऊन ती थांबली.

"आज नाही जमायचं हो ताई. आतडं तुटतंय नुसतं."

"मग थांबा ना, मावशी! तुम्ही केव्हाही उठू शकता."

"आणि तिचा तास?"

संशोधिकेनं मान खाली घातली. "तो बैठक पूर्ण झाली तरच फुकट धरतात. आमच्या मोठ्या सरांनी ठरवलंय, माझ्या हातात काही नाही."

भिंतीपलीकडून लेकीचं "पा... पाणी" ऐकू आलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. बाईला हसू फुटलं आणि त्याच श्वासात रडू. इकडे आड, तिकडे विहीर. उठून जायला दार मात्र सताड उघडं. तिनं तळहातानं डोळे पुसले आणि उरलेलं सगळं सांगितलं, रक्तासकट.

संशोधिकेनं फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न वाचला. "काहीच मिळणार नसतं, तरी तुम्ही आला असता का?"

बाईनं घाबरून आधी भिंतीकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"यात बरोबर-चूक काही नसतं, मावशी. मनात असेल ते सांगा."

"तसं नका ना करू, ताई." बाईनं तिचं मनगट घट्ट धरलं. "काय म्हटलं की पोरीचा तास चालू राहतो, तेवढं सांगा. मी तेच म्हणते."