वाचायचं काय त्यात

आमच्या थोरल्याला एक वाईट खोड आहे, प्रश्न मला विचारला तरी उत्तर तोच देतो. घराचं मृत्युपत्र नोंदवायला म्हणून मला कचेरीत घेऊन आला. कारकुनानं नाव विचारलं, ह्यानं सांगितलं. वय विचारलं, तेही ह्यानंच, वर दोन वर्षं वाढवून. मग कागद पुढ्यात ठेवून म्हणाला, "आई, सही कर."

"वाचते आधी."

"वाचायचं काय त्यात? लोक खोळंबलेत."

खोळंबू देत. माझी शाळा दोन यत्तांची, मी अक्षर लावून वाचते. मथळ्याखाली बोट धरलं. ब... क्षी... स.

"हे काय रे?"

"तेच गं, नुसतं नाव वेगळं."

कारकुनानं मान वर केली. "तेच कसं? मृत्युपत्र तुमच्या माघारी लागू होतं, आजी. बक्षीसपत्र नोंदवलं की घर आजपासूनच ह्यांचं."

थोरला खिशात रुमाल शोधू लागला.

मी पेनाला टोपण लावून ते त्याच्या हातात दिलं.

"घर तुलाच लिहायला आले होते रे. मी मरेपर्यंत थांबायचं, एवढंच काम होतं तुला."